बंद राईस मिलमधली फुलं

देवरीतल्या एका बंद राईस मिलच्या पटांगणावर माझी आई उकडलेलं धान वाळवायची, पायानं फिरवायची. काल तिथं गेलो होतो. सिमेंटच्या भेगांतून तरोटा पिवळाधम्मक फुललाय (पावसाच्या सुरुवातीला याचीच कोवळी भाजी आई खुडून आणायची). भिंतीशी एकदांडी, ही मूळची अमेरिकेची. बाकी सगळं पांढऱ्या फुलांचं गाजर गवत! तेही तिकडचंच. १९५५ मध्ये ते पुण्यात दिसल्याची नोंद आहे. अमेरिकन गव्हाबरोबर आलं म्हणतात. अंगाला लागलं की खाज सुटते, अन् पोरं तिथंच क्रिकेट खेळतात.

गवताचं साल सापडलं. पण त्या पटांगणावर राबलेल्या बायांची हजेरीवही कुठंच नाही. कुणाच्या घरी जुनी मजुरीची चिठ्ठी, फोटो असेल तर खाली टाका ना भाऊ.