बोट, बॅटरी आणि राधानगरीचं पाणी

आम्ही तीन मित्र मिळून चौदा फुटी अॅल्युमिनियमची बोट घेतोय, गळ टाकून निवांत बसायला. तिघांत मीच इंजिनिअर, म्हणून 'मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्स तू बघ' असं फर्मान निघालं. किमती बघता बघता मी इतिहासात घुसलो (सवयच आहे).

पहिला विषय मोटरचा. बोटीवरची विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनानंतर आली असेल असं आपल्याला वाटतं ना? उलट आहे. गुस्ताव त्रूवे या फ्रेंच माणसाने १८८१ सालीच पॅरिसच्या सीन नदीत बॅटरीवर बोट चालवली होती, तीसुद्धा काढता-घालता येणाऱ्या मोटरवर. ट्रोलिंग म्हणजे आमिष मागे ओढत बोट अगदी सावकाश नेणं. त्यासाठीची मोटर आली १९३४ मध्ये. अमेरिकेतल्या फार्गो गावच्या श्मिट नावाच्या गृहस्थांनी फोर्ड मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर काढली आणि तिला पंखा जोडला. गाव मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या हद्दीवर, म्हणून कंपनीचं नाव 'मिन कोटा'. हा जुगाड आपल्या शिवाजी उद्यमनगरात सहज खपला असता :)

मासे दाखवणाऱ्या यंत्राची गोष्ट जास्त गंभीर आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायच्या प्रयत्नांना जोर आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी लांजव्हँने क्वार्ट्‌झचे स्फटिक वापरले. पुढे १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी युद्धात उरलेल्या खोली मोजायच्या यंत्रातून मासे शोधायचं यंत्र बनवलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लॉरन्सचा छोटा हिरवा डबा आला आणि ते यंत्र हौशी लोकांच्या हातात पडलं.

तत्त्व आजही तेच आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो. वीस मीटरवरच्या तळाला आपटून परत यायला त्याला २७ मिलिसेकंद लागतात. वीस अंशांचा शंकू असेल तर त्या खोलीवर फक्त सात मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. म्हणजे 'मासे दिसत नाहीत' याचा अर्थ 'मासे नाहीत' असा होत नाही.

आता राधानगरी. धरण शाहू महाराजांनी भोगावतीवर १९०८ च्या सुमारास बांधायला घेतलं. तलावाला नाव महाराणी लक्ष्मीबाईंचं, गावाला राजकन्या राधाबाईंचं. १९१८ पर्यंत भिंत सुमारे चाळीस फूट झाली आणि पैशाअभावी काम थांबलं. महाराज १९२२ मध्ये गेले, ते पूर्ण धरण न बघताच. काम पुरं झालं स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. आज साठा ८.३६ टीएमसी आहे. आणि माझ्यासारख्याला वेड लावणारी गोष्ट म्हणजे तिथले सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठराविक पातळीला आलं की पाण्याच्या दाबानेच आपोआप उघडतात, ना सेन्सर ना सॉफ्टवेअर. एकेक दरवाजा १४२८ क्युसेक पाणी सोडतो. दर पावसाळ्यात 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही बातमी आली की पंचगंगेकाठची गावं सामान हलवायला लागतात.

मित्रांचा हट्ट होता, बोट इथेच टाकायची. मी साफ नाही म्हटलं. दाजीपूरचं गव्यांचं जंगल १९५८ पासून संरक्षित आहे. पुढे अभयारण्य वाढलं आणि धरणाचं बॅकवॉटर त्यात आलं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटाबरोबर राधानगरीचंही नाव लागलं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायला १९७२ चा कायदाच मनाई करतो, 'आमची मोटर आवाज करत नाही' हा मुद्दा तिथे चालत नाही. एक मित्र दोन दिवस फुगून बसला होता. शेवटी ठरलं ते असं: जिथे मच्छीमार संस्थेचा ठेका आहे, तिथे तिला विचारून आणि ती सांगेल ते शुल्क भरून जायचं. त्या लोकांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपली फक्त सुट्टी.

पण निवड मी राधानगरीच डोळ्यांसमोर ठेवून केली, कारण घाटातली धरणं साधारण सारखीच. पावसाळ्यानंतर तुडुंब, आणि मे महिन्यात बुडालेल्या झाडांचे बुंधे वर. नकाशावरची खोली महिन्याभरात खोटी ठरते. म्हणून मासे दिसोत न दिसोत, तळ दाखवणारं साधं २०० किलोहर्ट्‌झचं यंत्र हवंच.

मोटरचं गणित: शंभर पौंड वजनाला दोन पौंड रेटा. बोट, माणसं, सामान मिळून हजार पौंड, म्हणजे वीस. समोरून वारा आला तर वीसने काही होत नाही, म्हणून ५५ पौंडांची. ती पूर्ण वेगात १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर ओढते. शंभर अँपिअर-तासांची लेड अॅसिड बॅटरी अर्धीच वापरायची, म्हणजे जेमतेम तासभर. वर तीस किलो वजन. लिथियम आयर्न फॉस्फेट बारा-तेरा किलोची आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. महाग आहे, पण जीपीएस वापरून बोट एका जागी धरणाऱ्या मोटरचे पैसे वाचवून ती घेतली. नांगर दोरीला बांधला की तेच काम होतं.

आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राला वेगळी छोटी बॅटरी द्यायची, नाहीतर मोटर चालू झाली की स्क्रीनवर नुसत्या रेघोट्या. दोन वल्ही मात्र बोटीत असलीच पाहिजेत. यावर तिघांचंही एकमत झालं, भांडण न होता.