ग्लिसरीन : गोडी आणि पारख

पौषात सातपुड्याचा गारठा पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात उतरला, की फुटलेल्या ओठांसाठी घरोघरी ग्लिसरीनची बाटली बाहेर निघते. कोणी ते गुलाबपाण्यात मिसळून हातापायांस लावतात. खोकल्याच्या पातळ औषधांतही गोडी व दाटपणा आणण्याकरिता त्याचा उपयोग होतो. ओलावा शोषून धरून ठेवणे, हा त्याचा मूळ स्वभाव होय.

स्वीडनमधील औषधनिर्माता कार्ल शीले याने १७७९ च्या सुमारास ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर तापविले, तेव्हा त्यास हा गोड द्रव प्रथम आढळला. पुढे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण केले. तेल व कॉस्टिक सोडा यांपासून साबण होताना ग्लिसरीनही निर्माण होते. साबण व ग्लिसरीन ही एकाच तेलाची दोन अपत्ये आहेत.

परंतु डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा एक औद्योगिक द्रवही असाच रंगहीन, दाट व गोड असतो. तो पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात. १९३७ साली अमेरिकेत एक औषध या द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या द्रवाची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध-प्रशासनातील अनागोंदी उघड केली.

एवढे होऊनही धडा पुरता गिरविला गेला नाही. पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ पर्यंत ज्या छिंदवाडा जिल्ह्यात मोडत, तेथे व आसपास २०२५ साली खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. त्या औषधात हेच विष सापडले. कित्येक लेकरांना उपचारांसाठी नागपुरास नेले होते. त्यानंतर दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने दिली.

विष व औषध दोन्ही गोड असल्यावर जिभेची साक्ष कामाची नाही. कारखान्यात येणारे प्रत्येक पिंप प्रयोगशाळेत तपासले जाणे, हीच खरी पारख. आपण एवढे करावे : त्वचेसाठी आणलेले ग्लिसरीन पोटात देऊ नये, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून लहान मुलास कोणतेही गोड औषध पाजू नये.