मुरांब्यातला आंबा आणि बरणीतली साखर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खुटबावच्या घरात एक बाटली आली. पत्नीच्या रक्तातली साखर वाढल्याचं नुकतंच कळलं होतं. तिला पोळीबरोबर काहीतरी गोड लागतं, म्हणून पुण्यातल्या मुलीनं संत्र्याचं मार्मलेड आणलं. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘साखर घातलेली नाही, गोडी फक्त फळांची’. मागं भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत घटक होते, आणि त्यात पहिला होता आटवलेला द्राक्षरस. त्याच आठवड्यात गावातल्या तिघांनी वेगळाच सल्ला दिला : “साखर बंद करा, गूळ चालतो.” गुऱ्हाळांच्या गावात हा सल्ला मिळणारच. बाटली खरी की गाव खरं, हे ठरवण्यासाठी मी जरा मागं जाऊन शोध घ्यायला लागलो.

सुरुवात शब्दापासून केली. मुरांबा म्हणजे मुरवलेला आंबा, असं आपण कुणालाही सांगू. प्रत्यक्षात हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘मुरब्बा’वरून आला आणि त्यात आंबा मुळीच नाही. मराठी कानानं त्यात ‘मुरणे’ ऐकलं, ‘आंबा’ही ऐकला आणि शब्द आपलासा केला. मग त्याच चालीवर साखरांबा झाला, गुळांबा झाला, आवळ्याचा मोरावळा झाला. अरबीत ‘रुब्ब’ असाही एक शब्द आहे. फळाचा रस आटवून केलेला दाट पाक, असा त्याचा अर्थ. ऊस पश्चिमेकडे पोचण्याआधी तिकडं फळं टिकवायला मध किंवा असा आटवलेला रसच वापरत. रोमन लोक द्राक्षरस आटवून ‘डेफ्रुटम’ करत आणि त्यात फळं मुरवत. म्हणजे आमच्या बाटलीवर जे नवं म्हणून छापलं होतं, ते साखरेच्याही आधीचं निघालं.

मार्मलेडची कुळकथाही अशीच. पोर्तुगीज भाषेत ‘मार्मेलो’ म्हणजे बिही, सफरचंदासारखं दिसणारं, पण कच्चं खाववत नाही असं तुरट फळ. ते शिजवून केलेली घट्ट वडी म्हणजे मार्मेलादा. या शब्दाचं मूळ ग्रीकमध्ये ‘मधुफळ’ या अर्थाच्या शब्दापर्यंत जातं. पोर्तुगालहून ही वडी लाकडी डब्यांतून इंग्लंडला जाई आणि सुरीनं कापून खाल्ली जाई. संत्र्याच्या सालींचं, पावाला लावायचं मार्मलेड नंतरचं. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात कीलर कुटुंबानं अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा धंदा उभा केला आणि नाव जगभर गेलं. गोव्यात पोर्तुगिजांना बिही मिळाली नाही, पेरू मिळाला. पेरूचा गर साखरेत आटवून पेराद झाली, आंब्याची मांगाड झाली. ‘पेरू’ हा आपला शब्दही पोर्तुगीज ‘पेरा’वरून, म्हणजे नासपतीवरून आला, असं बरेच भाषाभ्यासक मानतात.

या सगळ्यात साखरेचं काम काय? गोडी हे तिचं दुसरं काम. पहिलं काम राखणदारीचं. फळात ऐंशी-नव्वद टक्के पाणी असतं आणि बुरशी, यीस्ट त्याच पाण्यावर जगतात. पुरेशी साखर पडली की ती पाणी धरून ठेवते, जंतूंच्या वाट्याला येऊ देत नाही. आपल्याकडच्या अन्नमानकांनुसार जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के आणि विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के लागतात. मार्मलेडलाही हेच माप आहे. साखरेचं तिसरं काम बांधणीचं. फळातलं पेक्टिन आंबट रसात आणि भरपूर साखरेतच नीट जमतं. म्हणून मार्मलेड करताना संत्र्याच्या बिया फेकत नाहीत, मलमलच्या पुरचुंडीत बांधून सालींबरोबर रात्रभर भिजवतात, कारण पेक्टिन तिथं जास्त असतं. साल बोटानं चिरडेल इतकी शिजल्यावरच साखर घालायची. आधी घातली तर साल चिवट राहते. मग पाक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला आला की उतरवायचा.

हा आकडा वाचला आणि मला आमचं चुलाण आठवलं. काकवी काढतात ती साधारण याच तापमानाला. गुळव्याजवळ तापमापक नसतो. काहिलीतल्या रसाचे बुडबुडे, त्याचा वास, पळीवरून पडणारी धार आणि गार पाण्यात टाकलेला थेंब, एवढ्यावर तो ओळखतो. त्यापुढं आणखी आटवून रस ११८ अंशांच्या आसपास गेला की गूळ. भेंडीच्या झाडाच्या चिकट रसानं मळी वर आणायची, ती काढायची, जळव्यानं चिपाडांचा जाळ सांभाळायचा, हे सगळं आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. काकवी भाकरीला लावून खाणारी आमची पिढी. तिचं मार्मलेडशी नातं निघेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

ऊस या भागात पाण्यामागं आला. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं आणि मुठा उजव्या कालव्याचं पाणी दौंड तालुक्याकडं वळलं. पांढरी साखर मात्र तेव्हा घरात जपून वापरायची वस्तू होती. बाहेरून येणाऱ्या साखरेला लोक ‘मोरस’ म्हणत, म्हणजे मॉरिशसची. नंतर जावाहूनही साखर येऊ लागली. १९३२ च्या संरक्षण कायद्यानं आयातीला आळा बसला, त्याच सुमारास माळीनगर, वालचंदनगर इथं कारखाने उभे राहिले, आणि १९५० च्या आसपास प्रवरेपासून सहकारी साखर कारखानदारी पसरली. स्वस्त साखर घरोघर आली तसा गुळांबा मागं पडला आणि साखरांबा पुढं आला. त्याच काळात, १९५५ मध्ये, फळपदार्थांचा केंद्रीय आदेश निघाला. १९५९ साली पाचगणीत स्ट्रॉबेरीच्या जॅमपासून मॅप्रोचा उद्योग सुरू झाला. सणासुदीची बरणी रोजच्या न्याहारीला आली, आणि राखणदार म्हणून घातलेली साखर रोज पोटात जायला लागली.

आता त्या दोन दाव्यांकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. मर्यादेत ठेवायच्या साखरांमध्ये त्यांनी मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रसही मोजला. अख्खं संत्रं खाणं वेगळं, त्यात चोथा असतो, पाणी असतं. दहा फळांचा रस आटवून चमचाभर केला की तो जवळपास साखरेचाच चमचा. तेव्हा बाटलीवरचं वाक्य अक्षरशः खरं असलं तरी मधुमेह्याच्या उपयोगाचं नाही. गुळाचंही तेच. गुळात थोडी खनिजं असतात, रंग आणि वास असतो, पण तो मुख्यतः साखरच. हे गुऱ्हाळाच्या गावात बोलणं सोपं नाही. पारावर बोललो तेव्हा एक जण म्हणाला, “अण्णा, गावाच्या धंद्यावर उठलात काय?” धंद्यावर कशाला उठेन! गूळ उत्तम आहे, पण तो औषध नाही.

मुलीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मग आईनं खायचं काय?” तिचं म्हणणं बरोबर होतं. दिवाळीआधी तिनं कमी साखरेत जमणारं पेक्टिन आणलं. ते कॅल्शियमच्या मदतीनं जमतं, त्याला ढीगभर साखर लागत नाही. आम्ही चार संत्र्यांचं मार्मलेड केलं. साल दोनदा उकळून पाणी फेकलं तेव्हा कडवटपणा बेताचा राहिला. साखर नेहमीच्या मापाच्या पाव हिश्शाहून कमी. राखणदार नाही म्हणून बरणी लहान घेतली, ती फ्रिजमध्ये ठेवली आणि पंधरवड्यात संपवायची असं ठरवलं. पत्नी दिवसाआड एक लहान चमचा घेते आणि तो डॉक्टरांनी दिलेल्या हिशेबात धरते. दहाव्या दिवशी झाकणाजवळ बुरशीचा एक ठिपका दिसला. तिनं बरणी रिकामी केली, धुतली, उन्हात पालथी घातली आणि मला म्हणाली, “पुढच्या खेपेला दोनच संत्री घ्या.”