ऑफाचा बांध आणि ऑफाचा दिनार

वाचकहो, शेताचा बांध आपण सर्वांनी पाहिला आहे. बांध कोरला म्हणून भाऊबंदांत कोर्टकचेऱ्या होतात, हेही आपणांस ठाऊक आहे. मातीची ही रेघ राज्यांनीही ओढली. हिजरी सन ५ (इ.स. ६२७) मध्ये हजरत सलमान फारसी (र.अ.) यांच्या सल्ल्याने मदिनेच्या रक्षणासाठी खणलेला खंदक आपल्या मुलांना माहीत असतो. त्याच जातीच्या, पण दूरदेशीच्या एका कामाची ही हकीकत आहे.

इंग्लंड व वेल्स यांच्या सीमेवर डोंगर-कुरणांतून एक प्रचंड बांध जातो. इ.स. ७५७ ते ७९६ पर्यंत मर्शिया राज्यावर राज्य करणाऱ्या ऑफाने तो घातला, असे आसर नावाच्या वेल्श धर्मगुरूने इ.स. ८९३ मध्ये लिहून ठेवले आहे. आजही त्याचा सुमारे १३० किलोमीटर भाग शिल्लक आहे. रचना साधी. पश्चिमेस, म्हणजे वेल्सच्या बाजूस, चर खणावयाचा आणि निघालेली माती पूर्वेस रचावयाची. म्हणजे येणाऱ्याला आधी खोली उतरावी लागे, मग उंची चढावी लागे. पश्चिमेचा मुलूख लांबवर नजरेत यावा, अशा जागा बांधासाठी निवडलेल्या दिसतात. हल्ला अडविणे आणि 'येथून आमची हद्द' हे दाखविणे, अशी दोन्ही कामे त्याने केली असावीत.

आता दुसरी बाजू पाहा. याच ऑफाच्या नावाचा सोन्याचा दिनार लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बगदाद वसविणारे अब्बासी खलिफा अल-मन्सूर यांच्या हिजरी १५७ (इ.स. ७७४) च्या दिनाराची ती नक्कल आहे. त्यावर अरबीत कलमा आहे आणि ओळींच्या मध्ये लॅटिन अक्षरांत 'राजा ऑफा' असे कोरले आहे. पण अरबी मजकुराच्या मानाने उलटे! अरबी अक्षरांतही चुका आहेत. कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती, हे उघड आहे.

म्हणजे बांध घालणाऱ्या राजाच्या मुलखात बगदादच्या नाण्याचा नमुना पोहोचला. अर्थ मात्र पोहोचला नाही. वस्तू व्यापाराने सीमा ओलांडते, अर्थ ओलांडतो तो तालीमेने.

पालकहो, मुलाने धडा घोकला, वळणदार अक्षरात उतरवला, एवढ्यावर समाधान मानू नका. 'याचा अर्थ काय?' असे त्याला रोज विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, अर्थ न कळता उतरवलेली वही ही ऑफाच्या दिनारासारखीच असते. सोने खरे, पण अक्षरे उलटी!