घराचे वस्त्र

मुंबईहून हावड्याकडे जाणारी गाडी नागपूर, राजनांदगाव आणि दुर्ग मागे टाकून रायपूरच्या वाटेला लागली, की भिलाईपुढे चरोद्याचे विस्तीर्ण रेल्वे-आवार दिसू लागते. पोलादाच्या कारखान्यासाठी कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या मालगाड्यांची जुळवाजुळव येथे होते. भोवती रेल्वेच्या चाळी आणि क्वार्टर्स. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर चढतो आणि वाऱ्याबरोबर बारीक काळसर धूळ घरात शिरते. शिवाय येथील अनेक घरांतला कर्ता माणूस रात्रभर गाडी हाकून सकाळी परततो आणि सारे गाव जागे असताना झोपतो. अशा घराच्या खिडकीला पडदा कोणत्या कापडाचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता बायकांच्या बाजारहाटाचा वाटेल. पण त्याला इतिहास आहे, आणि त्या झोपेवर गाडीतल्या माणसांची सुरक्षितताही थोडीफार अवलंबून आहे.

आपल्या जुन्या घरांना खिडकीचा पडदा ठाऊक नव्हता. वाड्याचा उजेड चौकातून येई; रस्त्याच्या बाजूच्या खिडक्या लहान आणि उंचावर असत. गृहवस्त्रांची आपली नावे तपासली तर दोन थर स्पष्ट दिसतात. घोंगडी, वाकळ, गोधडी, पासोडी ही अंथरुणा-पांघरुणाची नावे घरची. पडदा, गालिचा, जाजम, तक्क्या, कनात ही दरबारातून आणि छावणीतून आलेली. घरच्या कापडाची कसोटी एकच होती, ते टिकले पाहिजे. दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात ज्या पासोडीवर आपले ‘पंचीकरण’ लिहिले, ती सुमारे ४० फूट लांबीची जाड सुती पासोडी अंबाजोगाईस आजही जपलेली आहे! दरबारी शब्दांतही व्यवहार होताच. अभ्रा आणि अस्तर हे दोन्ही शब्द फारसीतून आले. पहिला दुपदरी वस्त्राच्या बाहेरच्या पदराचा, दुसरा आतल्या पदराचा. आपण अभ्रा उशीला देऊन टाकला आणि अस्तर शिंप्याकडे ठेवले. ऊन अडविण्याचे काम मात्र कापडाचे नव्हते. ते चिकांचे आणि पाणी शिंपडलेल्या वाळ्याच्या ताट्यांचे होते.

हे सारे बदलले ते आगगाडीमुळे आणि गिरणीमुळे. छत्तीसगढचा नागपूरशी संबंध जुना. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राज्य करीत होते. पुढे १८६१ साली मध्यप्रांत झाला तेव्हा त्याची राजधानीही नागपूरच ठरली, आणि १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूरच्याच कारभाराखाली राहिला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूरहून निघालेला रूळ राजनांदगावास पोहोचला, आणि तेथे राजा बलरामदासांच्या आश्रयाने शतकाच्या अखेरच्या दशकात कापड गिरणी उभी राहिली; तीच पुढे बंगाल-नागपूर कॉटन मिल म्हणून ओळखली गेली. तिचे मच्छरदाणीचे कापड नावाजलेले होते. ठाकूर प्यारेलाल सिंह यांनी १९२० साली तेथील कामगारांचा जो संप चालविला, तो या प्रदेशाच्या कामगार चळवळीचा आरंभ मानला जातो.

मग १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि समोरासमोर खिडक्या असलेल्या वसाहती उठल्या. शेजाऱ्याची नजर, पश्चिमेचे ऊन आणि धूळ ही तिन्ही एकाच कापडाने अडवावयाची, असा प्रसंग सामान्य गृहिणीवर प्रथमच आला. तिच्या हाताशी तेव्हा नागपूरचे आणि नांदगावचे कापड होते. चालू शतकाच्या आरंभी या दोन्ही गिरण्या बंद पडल्या. आता दुकानात येते ते मुख्यतः सुरतेचे कृत्रिम धाग्याचे आणि पानिपतचे. पानिपत हे नाव मराठी माणसाच्या ओठांवर वेगळ्या कारणाने येते, पण आज ते गाव घरसजावटीच्या कापडाची मोठी पेठ आहे.

कृत्रिम धाग्याची निंदा करण्याचे कारण नाही. ते आटत नाही, लवकर वाळते, उन्हात सुतापेक्षा रंगही बरा धरते. मात्र ते आगीजवळ वितळते आणि चिकटते, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीस ते नको. सुती कापड आधी भिजवून, आटवून मगच बेतावे. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा खिडकीच्या वर चढून बसतो. रंगाची परीक्षा दुकानातल्या दिव्याखाली होत नाही. तुकडा उंबऱ्याबाहेर उन्हात न्यावा, उजेडावर धरून वीण पाहावी, आणि ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर घासावा. पन्हा खिडकीच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट घ्यावा, तरच चुण्या पडतात. मखमलीसारखे लवदार कापड चरोद्याच्या धुळीत न घेणेच बरे. ते धूळ धरून ठेवते आणि घरच्या बादलीत धुता येत नाही.

कोशाचा मोह अनेकांना होतो, आणि तो रास्तही आहे. चांप्याचा कोसा किंवा भंडाऱ्याकडील मोहाडी-आंधळगावचा कोसा, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांचा तो सोनेरी धागा, बैठकीच्या उशांना शोभतो. पण रेशमाचा खरा वैरी ऊन. पश्चिमेच्या खिडकीला टांगलेला कोसा काही वर्षांत घडीवरच विरतो. विणकराच्या कष्टाचे मोल असेल, तर तो आतल्या भिंतीकडेच ठेवावा.

आणि दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीसाठी तो जुना जोड शब्द पुन्हा उपयोगी पडतो. बाहेरून फिकट रंगाचे मांजरपाटाचे अस्तर, म्हणजे ऊन परतते. आतून गडद, घट्ट विणीचा सुती अभ्रा, म्हणजे उजेड थांबतो. दोन्ही पदर वेगवेगळे, नाडीने बांधता येतील असे शिवावे. अस्तर दर पंधरा दिवसांनी काढून धुता येते, आणि दुपारी दोन वाजताही खोलीत संध्याकाळ राहते.