भाकिताचा सौदा आणि प्रांताची सीमा

उद्यां काय होणार ह्याचा अंदाज बांधणें हा व्यापार, आणि त्या अंदाजावर पैसे लावणें हा जुगार, असें आपण सहज बोलून जातों. परंतु ह्या दोहोंमधील रेषा नक्की कोठें पडते, आणि ती ओढण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा कीं प्रांताचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत सध्यां त्यावर मोठा वाद माजला आहे. आमच्या मुंबईनें मात्र त्याच्याशीं पावणेदोनशें वर्षांपूर्वींच झुंज घेतली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कंपनी सरकार कलकत्त्यास अफूचा लिलांव करीत असे. त्या लिलांवांत सरासरी काय भाव येईल ह्यावर मुंबईचे सावकार पैजा मारीत. माल कोणी द्यावयाचा नाहीं, कोणी घ्यावयाचा नाहीं. ठरलेल्या आंकड्याहून भाव चढला कीं उतरला एवढेंच पाहून रक्कम चुकती करावयाची. अशाच एका व्यवहारांतून उद्भवलेला रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सूजमल धोंडमल हा दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतून विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापुढें गेला. पार्लमेंटानें १८४५ सालीं इंग्लंडांत पैजेचे करार रद्दबातल ठरविले होते. परंतु तो कायदा हिंदुस्थानास लागू नव्हता. त्यामुळें जुन्या इंग्रजी रूढीप्रमाणें न्याय करणें भाग पडलें. सरकारी मालाच्या भावावरील पैज लोकहितास बाधक आहे हा आक्षेप टिकला नाहीं. १८४८ सालीं लॉर्ड कॅम्बेल ह्यांनीं, असल्या पैजांस कोर्टाचें दार उघडें ठेवावें लागतें ह्याबद्दल खेद दर्शवून, दावा चालण्याजोगा आहे असा निर्णय दिला.

त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें २१ वा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल केले. पण नदीस बांध घातला तरी पाणी बाजूनें वाट काढतेंच. पैजेचा दावा चालत नाहीं. मग पैजेसाठीं दलालानें भरलेल्या पैशाचा, त्याच्या दलालीचा किंवा देणें फेडण्यासाठीं लिहून दिलेल्या रोख्याचा दावा कां चालूं नये? ही वाट बंद करण्याकरितां मुंबई सरकारनें १८६५ च्या ३ ऱ्या कायद्यानें असले आनुषंगिक करारही रद्दबातल ठरविले. पुढें १८७२ च्या करारविषयक कायद्याचें ३० वें कलम आलें; पण आनुषंगिक करारांविषयीं तें मुकेंच राहिलें. परिणाम असा झाला, कीं पैजेच्या व्यवहारांत दलालानें पदरचे पैसे भरले तर ते कलकत्त्यास वसूल करतां येत, मुंबईस येत नसत. १९५९ सालीं घेरूलाल पारख ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें पैज रद्दबातल असली तरी बेकायदेशीर नव्हे असें सांगून गव्हाच्या सट्ट्यासाठीं केलेली भागीदारी वैध धरली, आणि मुंबईचा नियम निराळा आहे हेंही नमूद केलें.

बंगालचा उपद्रव निराळा होता. तेथें पावसावर पैजा लागत. गच्चीवरील हौद भरून पन्हळीवाटे पाणी वाहील कीं नाहीं ह्यावर पैसे लागत. म्हणून १८९७ सालीं तेथें पावसाच्या जुगारासाठीं स्वतंत्र कायदा झाला. प्रत्येक प्रांतानें आपल्या अंगणांतील कांटा पाहून कायदा केला.

परंतु कांटा शेजारच्या अंगणांतून आला तर? बंगलोरास छापलें जाणारें 'स्पोर्टिंग स्टार' हें पत्र बक्षिसांचीं शब्दकोडीं चालवी, आणि त्याच्या प्रवेशपत्रिका व फी मुंबई राज्यांतून मोठ्या प्रमाणावर गोळा होत. मुंबईनें १९४८ चा आपला कायदा १९५२ सालीं दुरुस्त करून बाहेरच्या पत्रांच्या स्पर्धाही परवान्याखालीं व कराखालीं आणल्या. पत्राच्या चालकांनीं व्यापारस्वातंत्र्याचा आधार घेतला. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उत्तर दिलें, कीं जुगार हा व्यापारच नव्हे. आणि खेळणारे मुंबईंत आहेत, पैसा मुंबईंत गोळा होतो, एवढा संबंध राज्याच्या अधिकारास पुरेसा आहे.

आपल्या संविधानानें जुगार हा विषय राज्यांकडे ठेवला आणि वायदेबाजार संघाकडे दिला. म्हणजे सौद्यास नांव काय द्यावयाचें ह्यावर सत्ता कोणाची हें ठरतें. अमेरिकेंतील वादाचें मूळही हेंच. निवडणुकांच्या व सामन्यांच्या निकालांवर करार विकणारे बाजार मध्यवर्ती आयोगाकडील नोंदणी पुढें करून आपला सौदा वायद्याचा आहे म्हणतात. नेवाडा, न्यू जर्सी प्रभृति राज्यांनीं तो जुगार ठरवून २०२५ सालीं त्यांस मनाई-पत्रें धाडलीं. त्याच वर्षीं आपल्या संसदेनेंही पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. म्हणजे एके काळीं प्रांतानें ओढलेली रेषा आतां दिल्लीहून ओढली जात आहे.

अंदाजांच्या बाजारापासून लाभ नाहींच असें मी म्हणत नाहीं. पेरणीपूर्वीं भाव कळणें शेतकऱ्याच्या हिताचें आहे. पण अफूच्या लिलांवावर ज्यानें पैज लावली, त्यास स्वतः लिलांवांत बोली वाढविण्याचाही मोह होणारच. ज्यानें निवडणुकीच्या निकालावर पैसे लावले, त्याचें मत त्याचें राहील काय? ही परीक्षा सौद्याच्या नांवावरून होत नाहीं. प्रिव्ही कौन्सिलाच्या विद्वान न्यायाधीशांस मुंबईच्या पेढीवर बुडणारें घर दिसण्याचें कारण नव्हतें. १८६५ चा कायदा करणाऱ्यांस तें रोज दिसत होतें. म्हणून अशा सौद्यांविषयीं अखेरचा शब्द कोणाचाही असो, पहिली साक्ष ज्या राज्यांत तें घर बुडतें त्या राज्याची घेतली जावी, इतकें तरी ह्या इतिहासावरून मागतां येईल.