हाइट नाही म्हणून पोहायचं नाही?

आजचा विषय पोहण्याचा, पण सुरुवात जरा लांबून करतो.

१९३२ साली लॉस एंजलिसला ऑलिंपिक भरलं होतं. १५०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जपानच्या कुसुओ कितामुरानं नेलं. वय १४. आपल्याकडं नववीत असतं ते लेकरू! १०० मीटरचा विजेता यासुजी मियाझाकी, तो १५ वर्षांचा. पुरुषांच्या सहा शर्यतींपैकी पाच जपाननं मारल्या. याच खेळात आठ वर्षांपूर्वी अमेरिकेच्या जॉनी वाइसमुलरचं राज्य होतं. तोच, पुढं सिनेमात टारझन झालेला, सहा फूट तीन इंच उंचीचा गडी. पोहणं म्हणजे नुसती उंची असती, तर १९३२ घडलंच नसतं.

हे आज का सांगतोय? परभणीतल्या एका आईचा व्हॉइस मेसेज आला होता. मुलगा तेरा वर्षांचा, पाण्यात पडला की मासाच. पण एका सरांनी सांगितलं, "याची हाइट नाही, उगं वेळ घालवू नका." पोरगं दोन दिवस जेवलं नाही म्हणे.

आता खरं बोलू. शरीरयष्टीनं फरक पडतो, भरपूर पडतो. मायकेल फेल्प्सची उंची १९३ सेंटिमीटर, आणि दोन्ही हात पसरले तर २०१. लांब हात म्हणजे एका हातात जास्त पाणी मागं ढकललं जातं. मोठा पंजा आणि मोठं पाऊल वल्ह्यासारखं काम करतं. शिवाय भिंतीला हात आधी लागतो. हे शेवटचं किती महत्त्वाचं, ते आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारा. २०१८ ची एशियन गेम्स, जकार्ता, ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल. तिसरा आलेला जपानी २२.४६ सेकंद, वीरधवल २२.४७. सेकंदाचा शंभरावा भाग, आणि पदक गेलं. हाच वीरधवल २००८ ला, वयाची सतरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, बीजिंग ऑलिंपिकला पोहला होता. २०१० ला ग्वांगझूमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य त्यानं आणलं. १९८६ च्या खजान सिंगनंतर एशियन गेम्समधलं पोहण्यातलं भारताचं ते पहिलं पदक, तब्बल चोवीस वर्षांनी.

पण ५० मीटर ही सगळ्यात कमी अंतराची शर्यत. तिथं उंची आणि ताकद दोन्ही लागतात. अंतर वाढलं की दम आणि लय पुढं येतात. ब्रेस्टस्ट्रोकला तर तंत्रच राजा. जपानचा कोसुके किताजिमा १७८ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या गल्लीतही सापडेल एवढ्याच उंचीचा. त्यानं २००४ आणि २००८, दोन्ही ऑलिंपिकला १०० आणि २०० मीटरची सुवर्णं घेतली.

आता त्या पोराकडं येऊ. तेराव्या वर्षी आपण जी मोजतो ती उंची नसतेच, वयात यायची वेळ असते. एकाच वयोगटात दोन मुलं उभी असतात. एकाला मिसरूड फुटलेलं, खांदे भरलेले. दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. पहिला जिंकतो. पदक त्याला, शिबिर त्याला, सरांचं लक्ष त्याला. दुसरा सतराव्या वर्षी उंच होतो, पण तोवर त्यानं पोहणं सोडलेलं असतं. माझ्या मते लहान वयातलं आपलं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि त्याची कुठं नोंदही होत नाही. वरून जन्मदाखल्यात वर्ष-दोन वर्षं चोरणारे आहेतच. ही चोरी इतकी वाढली की केंद्र सरकारला २०१० साली वयचोरीविरुद्ध आचारसंहिता काढावी लागली. मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात.

मुलींचं उलटं होतं. अकरा-बाराव्या वर्षी सडपातळ पोरगी सपासप जाते. मग अंग भरतं, काही काळ टायमिंग अडकतं, आणि काठावरून कुणीतरी म्हणतं, "जाड झाली." त्या एका शब्दानं किती पोरींनी स्विमिंग कॉस्च्यूम कायमचा घडी घालून ठेवला असेल! अशा वेळी वर्षभर थांबायचं असतं, तंत्रावर काम करायचं असतं. टोमणे मारायचे नसतात.

आणि शरीरयष्टीची गोष्ट मुरलीकांत पेटकरांना वगळून कशी होईल? सांगली जिल्ह्यातला फौजी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. आधी बॉक्सर होते. पोहणं हाती घेतलं ते नंतर. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, सुवर्ण. 'चंदू चॅम्पियन' त्यांच्यावरच आहे.

राहिली आपली परभणी. आपल्याकडं पोहणं शिकायचं ते विहिरीत. पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, आणि काकानं मागून ढकलायचं. गंगाखेडची पोरं गोदावरीत शिकली. सूर मारायला, मुटका मारायला आपल्यासारखे आपणच. पण विहिरीत ५० मीटर सरळ जाता येत नाही, टर्न शिकता येत नाही, घड्याळाशी स्पर्धा होत नाही. त्यासाठी बारमाही भरलेला तलाव लागतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, हे तुम्हाला आठवत असेल. अशा मुलखात उंचीच्या आधी पाण्याचा नंबर लागतो.

म्हणून त्या ताईंना मी कळवलंय: भिंतीवर पेन्सिलनं दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करा, शेजारी १०० मीटरचं टायमिंग लिहा, आणि घरात मामा किती उंच आहेत ते सांगा. त्यांचा रिप्लाय आला, "मामा सहा फूट. पण त्यांना पोहता येत नाही."